लोखंडाला पैकीच्या पैकी, पितळेला काठावर पास: उद्यमनगरातलं जुन्या जीपचं आणि मिल्ट्री सामानाचं गोडाऊन

गुऱ्हाळात सापडलेल्या जीपचा फोटो तुमच्याकडं आला असेलच. चिपाडाच्या ढिगात निम्मी गाडलेली, चारी टायर बसलेले, काचेची फ्रेम बॉनेटवर आडवी आणि खाली लिहिलेलं, दुसऱ्या महायुद्धातली ओरिजिनल विलीज (अमेरिकन कंपनीची जीप), कोल्हापूर. तेव्हापासनं माणसं नुसती खुळी झाल्यात. पुण्यापासनं बेळगावपर्यंतचे लोक गाड्या काढून यायला लागलेत, कोण टॉर्च घेऊन येतंय, कोण चुंबक, एकजण तर गाडी बघायच्या आधीच टोकन किती द्यायचं विचारत होता. ती जीप ज्या गोडाऊनात आणून लावलीय तिथं माझं जाणं-येणं जुनं आहे, माझ्या सीजे थ्री बीला, म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीपला, लागलेलं निम्मं सामान तिथलंच, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहावं, म्हणजे लांबून येणाऱ्याला काय घ्यायचं आणि काय नुसतं बघून सोडायचं ते कळंल.

दुकानाला बोर्ड नाही आणि मालकांना तो लावायचा पण नाही. शिवाजी उद्यमनगरात शिरायचं आणि जुन्या जीपचं गोडाऊन विचारायचं, लेथवरचं पोरगं पण मान वर न करता हात करून दाखवतंय. पत्र्याचं लांबडं शेड, पुढं मोकळी जागा, तिथं एका शक्तिमान ट्रकचं नुसतं केबिन आणि दोन जोंगा उभ्या आहेत. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसनवर जबलपूरला १९५९ पासनं बनलेला मिल्ट्रीचा ट्रक, आणि जोंगा ही पण जबलपूरचीच, निस्सानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या गाडीवरनं घेतलेली, पुढं जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन. जोंगा दिसाय लई रुबाबदार, पण पेट्रोल पिती म्हणजे पिती, त्यामुळं आमच्याकडच्या बहुतेक जोंगांच्या पोटात आता कुठलं तरी डिझेल बसलेलं असतंय. या दोघींतली एक अजून पेट्रोलवर आहे. तिच्याकडं कुणीच बघत नाही, सगळी गर्दी आतल्या जीपभोवती. माझ्या मते उलटं पाहिजे होतं, का ते सांगतो.

आता ती जीप. मालकांना सगळे मामाच म्हणतात, मी पण. मामांनी मला खाली झोपायला पोतं दिलं, चिंधी आणि डिझेलची वाटी दिली, आणि म्हणाले, "बगा तुमीच, मी काय बोलत न्हाई." ही त्यांची पद्धत चांगली आहे, उगं गोडगोड बोलून गळ्यात मारत नाहीत. पुढच्या बंपरच्या मागं, रेडिएटरच्या खाली जो आडवा क्रॉस मेंबर असतो तिथला चिखल आणि ग्रीस पुसलं. विलीजचा असला तर तो गोल पाईपचा पाहिजे. हा निघाला उलट्या यूच्या आकाराचा. म्हणजे चेसिस फोर्डची. मग बोल्ट पुसत गेलो तर एकाच्या डोक्यावर वळणदार एफ उठलेला, मग दुसऱ्यावर, मग स्प्रिंगच्या पाट्याच्या शॅकलजवळ. फोर्डनं बारक्यासारक्या पार्टवर पण आपला एफ ठोकलेला असतो, ते बघायला जी मजा येती ती ज्याला हा नाद आहे त्यालाच कळणार, माझी बायको म्हणती चिखलात लोळून एक अक्षर वाचून आलास होय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९४१ मध्ये अमेरिकन लष्करानं विलीजचं डिझाईन घेतलं पण एकट्या विलीजला एवढ्या गाड्या पुरवायला जमंना, म्हणून तीच ड्रॉइंगं फोर्डला दिली. विलीजची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे ऐंशी इंच व्हीलबेस, डब्ल्यू म्हणजे विलीजचं डिझाईन. दोघांनी मिळून १९४५ पर्यंत सहा लाखांवर गाड्या काढल्या. म्हणजे फोटोखाली विलीज लिहिलेली ही गाडी मुळात फोर्ड आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही, शौकीन लोक उलट फोर्ड शोधत असतात. गंमत अशी की डॅशबोर्डवर पाटी मात्र विलीजची, नवीकोरी, चार स्क्रूवर बसवलेली. असल्या पाट्या आता सहज मिळतात. मामांना म्हणलं हे काय, तर म्हणाले, "आदीच्या मालकानं लावलीया. विलीज म्हणा, फोर्ड म्हणा, लढाई तर एकच केलीया की दोघांनी."

बाकी बॉडीचं सांगायचं तर ग्रीलला नऊ फटी आहेत, मोजून घेतल्या. ही सगळ्यात सोपी परीक्षा. युद्धातल्या पत्र्याच्या ग्रीलला नऊ फटी, नंतरच्या सिव्हिल जीपला, म्हणजे महिंद्राच्या सीजे थ्री बीला पण, सात. लोक थ्री बीला नऊ फटीचं ग्रील लावून बॉनेट खाली बसवून महायुद्धातली म्हणून विकतात, त्यामुळं फटी मोजून थांबू नका, चेसिस बघा. आणि हेडलाईट. या गाडीचे हेडलाईट बिजागरीवर आहेत, विंगनट ढिला करून लाईट उलटा फिरवला की उजेड सरळ इंजिनवर पडतो, रात्री रस्त्यात बॉनेट उघडून काम करायला. मामांनी डावा लाईट फिरवून दाखवला तेव्हा कराडहून आलेला एक पोरगा "आयला" म्हणाला आणि नंतर दहा मिनिटं तोच लाईट वर-खाली करत बसला. उजव्या बाजूचा विंगनट नाही, तिथं तार गुंडाळलीय.

मागचा पत्रा मात्र कापलाय. युद्धातल्या जीपला मागं फाळका नसतो, सलग पत्रा असतो आणि त्याच्यावर स्टेपनी आणि कॅन. इथं कुणीतरी पत्रा कापून, बिजागऱ्या मारून फाळका केलाय, दुधाचे कॅन किंवा गुळाच्या ढेपा चढवायला असणार. मला स्वतःला हे वाईट वाटत नाही, इतकी वर्षं गाडी कामाला होती म्हणून तर भंगारात गेली नाही. पण किमतीत ते धरायला पाहिजे.

आणि खरा प्रश्न बॉनेट उघडल्यावर. या जीपला मूळचं गो-डेव्हिल इंजिन असतं, २.२ लिटर, साठ हॉर्सपॉवर, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच त्यामुळं वरनं अगदी सपाट. नंतर हरिकेन इंजिन आलं, त्याचा इनटेक व्हॉल्व्ह वर गेला, इंजिन उंच झालं, आणि म्हणून आपल्या थ्री बीचं बॉनेट ते तसं उंचाडं. तर इथं या दोन्हीतलं काहीच नाही, मॅटाडोरचं डिझेल बसवलंय. मामा लपवत नाहीत, आपणहून सांगतात. किंमत सांगतात साडेसहा लाख.

इथं जरा थांबा आणि नियम वाचा, कारण गर्दीत हे कुणी बोलतच नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली टू व्हीलर किंवा फोर व्हीलर असली तर तिला व्हीए असलेला वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढं रिन्यूला ५,०००. रोज ऑफिसला न्यायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. पण मेन अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. मग मॅटाडोरचं डिझेल आणि कापलेला मागचा पत्रा घेऊन तुम्ही काय दाखवणार तिथं? म्हणजे साडेसहा लाख देऊन वर गो-डेव्हिल इंजिन शोधायचं, ते मिळालं तर सहा व्होल्टचं वायरिंग शोधायचं, मग पत्रा. जुनी कागदपत्रं मामांच्या म्हणण्यानं "हायत, पन फाटल्यात". फाटलेली का असंनात, आधी डोळ्यानं बघा, चेसिस नंबर स्वतः पेन्सिल घासून कागदावर उतरवून घ्या आणि आरटीओत जुळवा. आणि मिल्ट्रीच्या लिलावातनं आलेली गाडी असली, जोंगा किंवा शक्तिमान, तर लिलावाची आणि रिलीजची कागदं असल्याशिवाय हात लावू नका. ती बाहेरची पेट्रोल जोंगा मी चांगली म्हणतोय ती यासाठीच, इंजिन तिचंच, बॉडी तिचीच, आणि कागदं प्लॅस्टिकच्या पिशवीत व्यवस्थित. फक्त तिचा कुणी फोटो फिरवला नाही.

कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचं एवढं वेड का असं बाहेरची माणसं विचारतात. आमच्याकडं दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक गाडी येते, सगळं गाव रस्त्यावर ती बघायला. लहानपणापासनं बापाच्या खांद्यावर बसून जी गाडी बघितली ती जगात कुठं रस्त्यावर दिसत नाही हे मोठं झाल्यावर कळतं, मग काय, डोक्यात किडा बसलेला असतो. त्यात पाडव्याला म्हशी पळवायला पण आमच्यात जुन्या आरएक्स १०० चे सायलेन्सर वाजतात. असो.

सर्व्हिसचं सांगतो, कारण गोडाऊनची खरी ताकद तिथं आहे. मला थ्री बीच्या मागच्या ॲक्सलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे आतल्या दातेरी चाकांचा जोड, पाहिजे होता, मुंबईत फिरून थकलो. मामांनी माळ्यावरनं एक लाकडी पेटी काढली, आत तेलकट कागदात गुंडाळलेला सेट, हात न लागलेला. पुन्हा सोलेक्स कार्बोरेटरचे जेट, ब्रेकचे व्हील सिलिंडर, किंगपिनचे बेअरिंग, जे मागितलं ते एकतर माळ्यावर असतंय नाहीतर "चार दिसांनी या". आणि जे कुठंच मिळत नाही ते उद्यमनगरात बनतं. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. माझ्या वॉटर पंपाची बॉडी फुटलेली, मामांनी ती घेऊन पाठीमागच्या पॅटर्नवाल्याकडं दिली, त्यानं लाकडी पॅटर्न केला, फौंड्रीत ओतून आला, लेथवर घासला, आणि बसवला तो असा बसला की मूळचा कुठला विचारावं. ऑईल इंजिनं करून करून या गल्ल्यांचा हात बसलाय, त्यांना जीपचा पंप म्हणजे काय विशेष.

पण वेळेचं नाव काढू नका. मामांचं "उद्या" हे कॅलेंडरात नसलेलं उद्या आहे. फोन उचलत नाहीत, उचलला तर "पोरगं कुटं गेलंय बगतो" आणि कट. बिल मागितलं की चेहरा असा करतात की आपण जमीन मागितली. कच्च्या चिठ्ठीवर पेन्सिलनं आकडा लिहून देतात, तेवढ्यावर भागवायचं. मोठी रक्कम असली तर मात्र हट्ट करून पक्कं बिल घ्याच, विशेषतः इंजिन किंवा गिअरबॉक्सचं, उद्या नंबरावरनं प्रश्न आला तर कागद पाहिजे.

रंगकामासाठी इथं गाडी देऊ नका. मिस्त्री कामाला वाईट नाही, लांबी (पुट्टी) कमी लावतो, पत्रा ठोकून सरळ करतो, पण शेवटी गाडी चकाकून टाकतो. महायुद्धातल्या जीपला मॅट रंग होता, चमकला तर विमानातनं दिसंल म्हणून. मिस्त्रीला मॅट मार म्हणलं की म्हणतोय, "नको ओ, लोक म्हणतील गाडी धुतलीच न्हाई." म्हणजे रंकाळ्यावर फिरवायला ठीक, ओरिजिनलच्या नादाला लागलेल्यानं रंग दुसरीकडं मारावा.

आता पितळेकडं वळू. शेडच्या आत काचेचं एक कपाट आहे, जीप बघून खूश झालेली माणसं जाता जाता तिथं थांबतात आणि खिसा तिथं रिकामा करतात. मेडल, बिल्ले, बेल्टचे बक्कल, हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, कंपास (होकायंत्रं), दुर्बिणी, रिकामी नळकांडी. इथं मामांचं पितळ उघडं पडतं, कारण लोखंडातलं त्यांना जेवढं कळतं त्याच्या चार आणेपण यातलं कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छा पण नाही.

पितळी कंपास सगळे नवे. वर लंडनचं नाव, कुठलंतरी १९१७ वगैरे साल, काळसर केलेलं. असला माल रुरकी, मुरादाबादकडं डझनावारी बनतो, शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही, पण तीन हजार देऊन महायुद्धातला म्हणून नको. जर्मन हेल्मेट म्हणून जे ठेवलंय ते उचलून बघा, फायबरचं आहे, कुठल्यातरी शूटिंगचं उरलेलं असणार. एनॅमलचे मग आणि ताटल्या मामा "वळिवड्याच्या पोलिश लोकांच्या" म्हणून विकतात. वळिवडे कॅम्प खरा आहे, १९४३ ते १९४८ तिथं पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ पण आहे. पण त्या पाच हजारांनी एवढे मग मागं ठेवले असतील तर बिचारे जाताना ओंजळीनंच पाणी पिऊन गेले म्हणायचं. कुठल्याही मगावर काही खूण नाही. साधा जुना मग म्हणून घ्या, दीडशे-दोनशेला.

खरं काय आहे ते पण सांगतो. एक दुर्बीण आहे, बायनो प्रिझम नंबर २ मार्क ३, सहा पटीची, अंगावर बाण कोरलेला. ब्रिटिश सरकारी मालावर हा बाण असायचा. नवा ठोकलेला बाण कोरडा आणि धारदार दिसतो, हा रंगाखाली होता आणि रंग कडेनं झिजत झिजत गेलेला. आत प्रिझमवर बुरशी आलीय, आमच्या पावसात येणारच, पण ते साफ होतं. फेल्टच्या कव्हरची पाण्याची एक बाटली चांगली आहे. आणि पंचवीस पौंडी तोफेच्या गोळ्याची एक केस (नळकांडं) आहे, तळाला २५ पीआर आणि साल ठोकलेलं, मामा तिच्यात प्लॅस्टिकची फुलं ठेवतात. असली केस घेताना उलटी करून तळ बघा, मधल्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या टोपीवर) पिनचा खड्डा पडलेला पाहिजे, म्हणजे उडालेली आहे. खड्डा नसला किंवा पुढं गोळा बसलेला असला तर हात लावू नका, फोटो पण काढत बसू नका, पोलिसांना फोन करा. जिवंत काडतूस तर खिशात ठेवणंच शस्त्र कायद्यात येतं, मग ते कितीही जुनं असंना.

राहिली मेडलं, आणि इथं माझं मामांशी खरंच वाजलं. कपाटात एका डबीत सात-आठ मेडलं एकत्र टाकलेली, सगळ्यांचा भाव एकच. त्यात एक इटली स्टार. महायुद्धातले हे स्टार इंग्रज शिपायांना बिननावाचे दिले गेले, पण हिंदी फौजेच्या जवानांना दिलेल्यांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मागं फिरवून बघितलं तर नाव आहे आणि मराठा पलटण आहे. मराठा लाईट इन्फंट्रीनं इटलीत काय केलं ते सांगायला नको, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांचे व्हिक्टोरिया क्रॉस तिथलेच, घाडगे तर १९४४ च्या जुलैत तिथंच गेले. ज्या जिल्ह्यात कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स पलटण होती, जी पुढं १९ मराठा झाली, जिथं आज पण १०९ टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियन आहे, ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे, तिथं असं मेडल डबीत किलोच्या भावात पडावं हे मला पटलं नाही. मामांना म्हणलं याच्यावर नाव आहे, घर सापडंल, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा तरी. मामा म्हणाले, "घरच्यांनीच भांड्याच्या मोडीत घातलं आसंल तर?" ते पण खोटं नाही म्हणा, आजा गेला की ट्रंक मोडीत जाते हे मी पण बघितलंय. तरी मी ते बाजूला काढून ठेवायला लावलंय, डबीत नाही आता, गल्ल्यात आहे. तुम्ही गेलात आणि शिरोळ, कागल, गडहिंग्लज, आजरा भागातले असाल, तर मागून बघा, कुणाच्या तरी पणजोबांचं निघंल. आणि संग्रहात ठेवायला म्हणून कुणी मागितलं तर देऊ नका असं मी सांगून ठेवलंय, मामा किती ऐकतात ते बघू.

आणखी एक, पहिल्या महायुद्धातलं काही दिसलं तर जरा जपून. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तूत येऊ शकते, तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. भाचा लंडनला आहे, त्याला पाठवतो म्हणणारे दोघं तिथं भेटले म्हणून लिहिलं.

एकूण स्टार द्यायचे तर पार्टला आणि कामाला पाचपैकी पाच, वेळेला एक, कपाटाला दोन, ते पण दुर्बिणीमुळं. सोमवारी बंद असतंय. दुपारी एक ते चार मामा जेवून झोपतात, तेव्हा गेलात तर पोरगं दुप्पट भाव सांगतंय. जीपला मी स्वतः साडेतीन, फार तर चार लाखांच्या वर जाणार नाही, जोंगा परवडत असंल तर डोळे झाकून घ्या. आणि तुमच्यापैकी कुणाकडं फोर्डच्या हेडलाईटचा एक ओरिजिनल विंगनट जादा पडला असंल तर मामांना आणून द्या, दामदुप्पट देतो म्हणालेत. बिल मात्र मिळणार नाही.